नाइटक्लबात गायली, म्हणून गायिका नाही?

रंकाळ्याचा वारा:
काल पेठेच्या ग्रुपवर कुणीतरी पॉप गायिका उषा उथुपचं जुनं गाणं टाकलं. खाली एका काकांचा शेरा: "दारू पिणाऱ्यांपुढं गाणारी बाई. अल्लादियाखाँसाहेबांसारख्या शास्त्रीय गवयाच्या कोल्हापुरात हिचं कौतुक कशाला?" तिथं भांडलो असतो तर अ‍ॅडमिननं हाकललं असतं, म्हणून इथं ओकतोय.

काका, या बाईला शाळेत गाण्याच्या तासाला बाहेर काढलेलं. आवाज जाड, समूहगानात बसेना. घरी रीतसर तालीम नाही, रेडिओ सिलोन हाच गुरू. अमीन सयानींनी तिला नवव्या वर्षी त्याच रेडिओवर गायला लावलं. 1969 साली मद्रासच्या माउंट रोडवर 'नाइन जेम्स' नावाच्या छोट्या क्लबात उभी राहिली ती साडी नेसून, पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी लावून. मालकानं आठवडाभर ठेवून घेतलं. मग मुंबईचं टॉक ऑफ द टाउन, कलकत्त्याचं ट्रिंकाज, दिल्लीचं ओबेरॉय. दिल्लीत देव आनंदनं ऐकलं आणि 1971 च्या 'हरे रामा हरे कृष्णा'त घेतलं. यात नाक मुरडण्यासारखं काय आहे?

षड्जपंचम:
नाक कोण मुरडतंय? पण पहाटे उठून वर्षानुवर्षं पलटे, म्हणजे त्याच स्वरांची पुन्हा पुन्हा उलटसुलट आवर्तनं घोटणं वेगळं आणि माइक तोंडाशी धरून लोकांना टाळ्या वाजवायला लावणं वेगळं. शाहू महाराजांनी खाँसाहेबांना इथं आणलं ते जेवणाऱ्यांची करमणूक करायला नव्हे.

तांबडा_पांढरा:
मग खाँसाहेबांच्या शिष्या कुठल्या घरातल्या, ते पण सांगा की मर्दा. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर दोघी कलावंत घरातल्या, म्हणजे देवळात-मैफलीत गाणाऱ्या बायकांच्या घरातल्या. तेव्हाही असले काका असणारच. आता फोटोला हार घालायला तुम्हीच पुढं.

षड्जपंचम:
केसरबाई खाँसाहेबांकडं मुंबईत शिकल्या. कोल्हापूरचा संबंध उगाच जोडू नका.

तांबडा_पांढरा:
मी कोल्हापूर म्हटलंच कुठं? आधी वाचा, मग तान घ्या.

पंचगंगाकाठ:
नाइटक्लबचं नंतर बघू, गल्लीतला डॉल्बी बंद करा आधी! गेल्या गणपतीत आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आईला कानात बोळे घालून मागच्या खोलीत बसवलं. ऑर्केस्ट्रा होते तेव्हा निदान माणसं गायची.

तांबडा_पांढरा:
डॉल्बीचा धागा वेगळा काढ भावा.

जास्वंद:
ऑर्केस्ट्राचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी अकरा वर्षं गायले. गणपतीत एकेका रात्री दोन मंडळं. टेम्पोत मागं ड्रमसेट, त्याच्या कडेला मी आणि कीबोर्डवाला. पहाटे दोनला गल्लीच्या तोंडाशी उतरायचे. उतरण्याआधी गजरा काढून पर्समध्ये, लिपस्टिक पदरानं पुसलेली. तरी सकाळी नळावर आवाज यायचाच, "रात्रपाळी झाली काय गं?"

उषाताईंच्या साडीचं कौतुक वाचलं. त्यांचे वडील पोलिसात, माझे गवंडी. साडी मी पण नेसायचे, खांद्याला दोन पिना लावून. त्यांची साडी बघून लोक शालीन म्हणाले. माझ्या साडीवर दहाची नोट चुरगळून फेकली.

रंकाळ्याचा वारा:
ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पण सोपं त्यांनाही गेलं नाही. बंगालात डाव्या सरकारच्या एका मंत्र्यानं 'अपसंस्कृती' ठरवून त्यांचे कार्यक्रम अडवले. त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या.

जास्वंद:
कोर्टात जायला वकील लागतो, दादा. माझे साडेसातशे रुपये एका मंडळाकडं अजून अडकलेत. त्यातला एक कार्यकर्ता आता नगरसेवक आहे, हात जोडून मतं मागायला आला होता.

षड्जपंचम:
ताई, तुमच्याबद्दल मी काहीच बोललो नव्हतो.

जास्वंद:
"जेवणाऱ्यांची करमणूक" म्हणालात ना? आमच्यापुढं तर वडापाव खात उभे असायचे.

षड्जपंचम:
बरं, शब्द चुकला. सरकारनं 2011 ला पद्मश्री आणि 2024 ला पद्मभूषण दिलंय, तेव्हा उथुपबाई थोर, मी अडाणी. झालं समाधान? पण रियाज तो रियाज. ताई, तुम्ही कोणाकडं शिकलात?

जास्वंद:
कॅसेटकडं. ओळ ऐकायची, पेन्सिल घालून मागं फिरवायची, परत ऐकायची. टेपचं बटण दाबून दाबून तुटलं होतं.

तांबडा_पांढरा:
घ्या, पलटे.

पंचगंगाकाठ:
आणि डॉल्बीचं?