पडद्यावरचा ऑटिझम नेहमी बाहेरूनच का दिसतो?

लेबलकापी:
आमचे चिरंजीव चौदा वर्षांचे, ऑटिस्टिक. परवा जाऊबाईंनी त्याला विचारलं, "सांग बघू, १२ ऑगस्ट १९९० ला कोणता वार होता?" सिनेमात पाहिलेलं, दुसरं काय! त्याने त्यांच्याकडे एकटक पाहिलं आणि म्हणाला, "पंखा आवाज करतोय." खरंच करत होता. आमच्यापैकी कुणाच्याच कानाला तो जाणवला नव्हता.

पडद्यावर नटमंडळी मान तिरकी करतात, नजर चुकवतात, बोटं हलवतात. आमचा मुलगा तर समोरचा ओशाळेपर्यंत रोखून बघतो. आणि ट्यूबलाइटची घरघर, मानेला टोचणारं लेबल (प्रत्येक शर्टाचं मी कापते, तरी उरलेला दोरा त्याला सापडतोच) यातलं काहीच दिसत नाही. हे आतून दाखवलेलं कुणी पाहिलंय का?

जुनाट_प्रेक्षक:
वाराचा प्रश्न म्हणजे 'रेन मॅन'ची (१९८८) कृपा. गंमत म्हणजे ज्या किम पीकला भेटून लेखकाला त्यातलं रेमंड हे ऑटिस्टिक पात्र सुचलं, तो ऑटिस्टिक नसावा असं पुढे मानलं गेलं. मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टाच त्याला जन्मतः नव्हता. बरं, त्या सिनेमात बदलतो कोण? धाकटा भाऊ. रेमंड शेवटी होता तिथेच परत जातो.

दोन_लेकींचा_बाबा:
इतकंही झोडपू नका हो. थोरलीचं निदान झालं तेव्हा माझ्या वडिलांना काही केल्या समजेना. "'माय नेम इज खान'मधला शाहरुख आठवतो ना, त्यातलंच काहीसं," म्हटल्यावर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पोरगी मुद्दाम हट्ट करत नाही तर." उदाहरण चुकीचं असेल, पण त्या दिवशी तेच कामी आलं.

उशिरा_कळलं:
मी स्वतः ऑटिस्टिक, निदान छत्तिसाव्या वर्षी. आईला सांगितलं तर तिने 'बर्फी'तली प्रियांका चोप्रा काढली. "ती बघ कशी होती. तू कुठे तशी?" आता मी वर्षानुवर्षं ऑफिसात इतरांचे ओठ बघून कधी हसायचं ते ठरवत आले, हे कॅमेऱ्याला काय दिसणार, आणि आईला तरी काय?

लेबलकापीताई, पिक्सारची 'लूप' (२०२०) ही अॅनिमेशन फिल्म बघा, जेमतेम नऊ मिनिटांची आहे. न बोलणारी रेने आणि एक बडबड्या मुलगा, दोघं होडीत. ती फोनवरचा एकच आवाज पुन्हा पुन्हा लावते. काही दृश्यं तर तिच्याच डोळ्या-कानांतून आहेत. रेनेला आवाज देणारीही न बोलणारी ऑटिस्टिक आहे.

लेबलकापी:
काल लावली. त्याने एकदा सलग पाहिली, मग फोनचा आवाज येतो तेवढाच तुकडा मागे नेऊन नेऊन सतरा वेळा. मी मोजले. झोपायला जाताना विचारतो, "तिच्या शर्टाचं लेबल कुणी कापलं?"

आता परत बघायला बसलेय.