लाल टाचांचा राजा आणि दोन डेव्हिड: मर्दानगी बदलते का?

फिरस्ता:
चित्रकार रिगोनं १७०१ मध्ये रंगवलेलं फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं चित्र आठवा. साठी ओलांडलेला राजा, कुरळ्या केसांचा भलामोठा टोप, मोजे, लाल टाचांचे बूट, आणि झगा मागे सारून मुद्दाम दाखवलेले पाय. आज कुणी असा उभा राहिला तर हसं होईल. तेव्हा सगळं युरोप त्याला वचकून होतं. 'पुरुष पूर्वीपासून असाच' म्हणणाऱ्यांना मी हे चित्र दाखवतो.

खडूस वाचक:
असहमत. हा राजाचा रुबाब झाला, पुरुषत्व नव्हे. त्याच फ्रान्समधला शेतकरी काही टोप घालून नांगर धरत नव्हता. शिवाय कमरेची तलवार सोयीस्कर विसरलात.

फिरस्ता:
तलवार राहिली, मान्य. पण पायच का दाखवावेत? हा गडी १६५३ मध्ये सूर्यदेव बनून बॅलेत नाचला होता. दरबारी पुरुषाला नाच तलवारबाजीइतकाच यावा लागे. डौलदार पोटरी ही तेव्हाची मर्दानगीच.

ओली माती:
राजे सोडा, इटलीतल्या फ्लॉरेन्सला या. बायबलमधला डेव्हिड, गोलायथ या धिप्पाड योद्ध्याला मारणारा पोरगा, तिथे दोन शिल्पकारांनी घडवला. दोनातेल्लोचा कांशाचा डेव्हिड म्हणजे टोपी आणि बूट सोडून उघडा, सडपातळ पोरगा. मायकेलअँजेलोचा १५०४ मधला पाच मीटरहून उंच, पिळदार. गोष्ट एक, शहर एक, मध्ये दोन-तीन पिढ्या. कल्पना बदलली, दुसरं काय?

खडूस वाचक:
घाई करताय. दोनातेल्लोचा डेव्हिड मेदिचींच्या, म्हणजे शहरावर सत्ता गाजवणाऱ्या धनाढ्य घराण्याच्या, वाड्यात होता. १४९४ मध्ये त्यांना हाकलल्यावर प्रजासत्ताकानं तोच पोरगा उचलून आपल्या सरकारवाड्याच्या चौकात उभा केला. म्हणजे धनाढ्यांनाही तो चालला, त्यांच्या शत्रूंनाही. यात मर्दानगी कुठे आली? हे राजकारण.

ओली माती:
मग सरकारवाड्यात एक डेव्हिड असताना त्याच्याच दाराशी मायकेलअँजेलोचा दुसरा, एवढा दांडगा कशाला?

खडूस वाचक:
कारण तो कॅथीड्रलच्या उंच कठड्यासाठी कोरायला घेतला होता. संगमरवराचा ठोकळाही आधीपासून पडून होता, अर्धवट खोदलेला. उंची तिथून आली.

ओली माती:
उंचीचं मान्य. पण पहिला डेव्हिड गोलायथच्या मुंडक्यावर पाय ठेवून निवांत उभा आहे. दुसऱ्याच्या कपाळावर आठ्या, हाताच्या शिरा फुगलेल्या, आणि मुंडकं कुठेच नाही. लढाई अजून व्हायचीय. या आठ्याही ठोकळ्यातूनच आल्या का?