२३ मार्चला मुलांना भगतसिंगांवरील चित्रपट दाखवावा का?

मंगळवार पेठ (प्रश्न)
नमस्कार. आमच्या तालमीच्या वाचनालयातर्फे येत्या २३ मार्चला आठवी ते दहावीच्या मुलांना राजकुमार संतोषी यांचा २००२ मधील ‘द लेजंड ऑफ भगत सिंह’ हा चित्रपट दाखवण्याचा विचार आहे. अजय देवगण यांचे काम मनापासून आवडते, तुरुंगातील उपोषणालाही चित्रपटात न्याय मिळाला आहे. परंतु पुन्हा पाहताना दोन शंका आल्या. भगतसिंग हे लालाजींच्या (लाला लजपतराय यांच्या) मृत्यूचा सूड घेणारे तरुण, एवढेच मुलांच्या मनावर ठसेल का? आणि गांधीजींविषयी जे दाखवले आहे, ते इतिहासाला कितपत धरून आहे?

शाहूपुरी
गांधीजींविषयीचा भाग चर्चेशिवाय सोडून देऊ नये, असे मला आग्रहाने वाटते. गांधीजींनी मनावर घेतले असते तर फाशी टळली असती, असा समज घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव या तिघांच्या शिक्षेचा समावेश नव्हता, हे खरे; परंतु १८ फेब्रुवारीच्या भेटीत गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे हा विषय काढून शिक्षा स्थगित ठेवण्याचे सुचवले होते आणि २३ मार्चच्या, म्हणजे फाशीच्या दिवशीच्या, सकाळीही पत्र लिहून शिक्षा कमी करण्याची विनंती केली होती. त्यांनी याहून अधिक जोर लावायला हवा होता का, हा वाद तेव्हाही झाला आणि आजही जरूर व्हावा, पण मुलांना आधी या तारखा माहीत असाव्यात.

शिवाय दयेची याचना स्वतः भगतसिंगांनाच मान्य नव्हती. वडिलांनी न्यायाधिकरणाकडे बचावाचा अर्ज केला, तेव्हा ४ ऑक्टोबर १९३० च्या पत्रात त्यांनी वडिलांनाच कठोर शब्दांत सुनावले. आणि फाशीपूर्वी तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला लिहिले, ते आपण युद्धकैदी असल्यामुळे आपल्याला फासावर न देता गोळ्या घालाव्यात, असे. अशा माणसांची कथा ‘त्यांना कोणी वाचवले नाही’ या सुरात सांगणे मला त्यांच्यावरच अन्याय करणारे वाटते.

राजारामपुरी
सूडाविषयीची आपली शंका रास्त आहे. लालाजींच्या मृत्यूचा सूड म्हणून केलेल्या सॉन्डर्स या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याच्या वधानंतर लाहोरमध्ये लागलेल्या पत्रकांतही एका माणसाचा जीव घ्यावा लागल्याबद्दल खेद व्यक्त केला होता, आणि ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या केंद्रीय असेंब्लीतील बॉम्ब कोणाचा प्राण जाऊ नये अशा बेताने टाकून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त तिथेच अटकेसाठी उभे राहिले. पुढे तुरुंगात वाचन आणि लेखन करणारा, ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध लिहिणारा, शेतकरी आणि कामगार यांच्याशिवाय क्रांती नाही असे मानणारा जो भगतसिंग आपल्याला भेटतो, त्याला पडद्यावर फार थोडी जागा मिळते. कारण पिस्तूल लगेच दिसते, विचार दाखवायला मात्र दिग्दर्शकाला धीर धरावा लागतो. वाग्दत्त वधूचे प्रसंग आणि गाणी यांना दिलेला वेळ म्हणूनच मला खटकतो, कारण प्रत्यक्षात विवाह टाळण्यासाठीच ते घर सोडून कानपूरला गेले होते आणि तिथे गणेश शंकर विद्यार्थी यांच्या ‘प्रताप’ या वृत्तपत्रात काम करू लागले होते.

ऑक्टोबर १९२९ मध्ये लाहोरच्या विद्यार्थी परिषदेला त्यांनी तुरुंगातून संदेश पाठवला होता. आज आम्ही तरुणांना पिस्तूल आणि बॉम्ब हाती घ्यायला सांगू शकत नाही, त्यांनी कारखान्यांत, वस्त्यांत आणि खेड्यांतील झोपड्यांत जावे, असा त्याचा आशय आहे. तो संदेश चित्रपटाआधी वाचून दाखवावा. आठवीच्या मुलालाही तो सहज समजतो.

कसबा बावडा
एक विनंती. राजगुरू या चित्रपटात भगतसिंगांचे सोबती म्हणूनच वावरतात. आपल्या मुलांना हे सांगावे की ते पुण्याजवळच्या खेडचे, संस्कृत शिकण्यासाठी काशीला गेलेले, आणि सॉन्डर्सवर पहिली गोळी त्यांनी झाडली होती. त्यांना अटकही पुण्यातच, ३० सप्टेंबर १९२९ रोजी झाली. सुखदेव यांच्या बाबतीतही तेच म्हणेन. पंजाबातील संघटनेचा मोठा भार त्यांच्यावर होता आणि सॉन्डर्स वधाच्या लाहोर खटल्यात आरोपी म्हणून पहिले नाव त्यांचेच होते.

मंगळवार पेठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. विद्यार्थी परिषदेचा संदेश चित्रपटाआधी दहावीतील एक मुलगी वाचेल आणि चित्रपटानंतर अर्धा तास चर्चेसाठी ठेवू. शाहूपुरीच्या सदस्यांना विनंती, की आपण त्या दिवशी येऊन गांधी-आयर्विन भेटींचा भाग मुलांना समजावून सांगावा.