‘हार्म रिडक्शन’ला मराठीत काय म्हणावं?

एका आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर तपासतेय. मुळात जिथे जिथे ‘हार्म रिडक्शन’ आहे, तिथे ‘व्यसनमुक्ती’ लिहिलंय. मला ते खटकतंय. ‘हानी-न्यूनीकरण’ चालेल का? आणि ‘व्यसनी’ला दुसरा शब्द आहे का?

— ‘व्यसनमुक्ती’ कृपा करून काढाच, त्याने अर्थच उलटतो. व्यसनमुक्ती म्हणजे नशा सोडणं. हार्म रिडक्शन म्हणजे नशा चालू असली तरी तिच्यामुळे होणारा अपाय कमी करणं; इथे मदतीसाठी ती सोडण्याची अटच नाही. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली वापरलेल्या सुया परत घेऊन नव्या द्यायला सुरुवात झाली, ती हेपटायटिस बी हा रक्तातून पसरणारा यकृताचा संसर्ग पसरू नये म्हणून, आणि त्यात पुढाकार नशा करणाऱ्यांच्याच संघटनेचा होता. सुई घ्यायला येणाऱ्याला ‘सोडलीस का?’ असं विचारलं की तो पुन्हा फिरकत नाही, आणि मग संसर्गही थांबत नाही.

‘न्यूनीकरण’ चूक नाही, पण ते फायलीत शोभतं. मी ‘अपाय कमी करणे’ लिहीन. उपाय-अपाय ही जोडी सगळ्यांच्या कानात बसलेली आहे.

‘व्यसनी’बद्दल थोडं सविस्तर. संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकटसुद्धा. अमरकोशात ‘विपत्ती’ हा त्याचा अर्थ दिलेलाच आहे. मराठीतही आपण ‘त्याला व्यसन लागलं’ म्हणतो, जशी भूक लागते, ठेच लागते. म्हणजे ते माणसाच्या वाट्याला येतं. ‘व्यसनी’ म्हटलं की मात्र तोच त्याचा स्वभाव ठरतो, आणि ‘गर्दुल्ला’ म्हटलं की माणूस उरतच नाही. ‘नशा करणारी व्यक्ती’ लांब आहे, तरी तेच लिहा.

— पटलं. ‘ओव्हरडोस’ला ‘अतिसेवन’ ठेवू ना?

— नको. ‘अतिसेवन’ ऐकलं की हावरटपणा डोळ्यांसमोर येतो. तुरुंगातून किंवा उपचारकेंद्रातून बाहेर पडलेला माणूस पूर्वीचीच मात्रा घेतो, पण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. तेवढ्यानेच श्वास थांबतो. कधी माल नेहमीपेक्षा तीव्र निघतो. यात अति खाल्लं कुणी? ‘अतिमात्रा’ लिहा, किंवा सरळ ‘ओव्हरडोस’, घरच्यांनाही तोच कळेल. नॅलोक्सोन या ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाच्या पानावर तर ‘ओव्हरडोस’च हवा, तिथे कोशात बघायला वेळ नसतो. आणि ‘विषावर उतारा’ एवढंच मोघम लिहू नका. अफू, हेरॉईन अशा ओपिऑइड वर्गातल्या पदार्थांवरच ते चालतं, दारूवर नाही, हे त्याच वाक्यात यायला हवं.

— आणखी एक: ‘स्वच्छ सुई वापरा’ असं आहे. ठीक ना?

— हा तर सगळ्यात आधी बदला. पाण्याने धुतलेली सुईही वाचणाऱ्याला स्वच्छच वाटेल, आणि तेवढ्याने हेपटायटिस सी जाईलच असं नाही. ‘दर वेळी नवी, न वापरलेली सुई आणि सिरिंज’ असं लिहा.