अँड्रॉइड स्टुडिओ अद्ययावत केल्यानंतर जुना प्रकल्प सिंक होत नाही : बदलांचा क्रम कोणता धरावा?

नमस्कार.

लातूर जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावर सोयाबीन आणि तुरीची आवक नोंदवण्यासाठी एक अँड्रॉइड अ‍ॅप वापरले जाते. मालाचे वजन, ओलावा, माती-काडीकचऱ्याचे प्रमाण आणि दर नोंदवायचे व ब्लूटूथ प्रिंटरवर शेतकऱ्याला पावती काढून द्यायची, एवढेच त्याचे काम आहे. २०२१ मध्ये लिहिलेल्या या अ‍ॅपची देखभाल माझ्याकडे आहे. केंद्रावर नेटवर्कचा भरवसा नसल्यामुळे सर्व नोंदी आधी फोनमधील रूम डेटाबेसमध्ये साठतात आणि संपर्क मिळेल तेव्हा त्यांची प्रत सर्व्हरवर जाते. म्हणजे काही काळ तरी शेतकऱ्याच्या मालाचा एकमेव पुरावा त्या फोनमध्येच असतो. पुढे जे विचारतो आहे ते ही गोष्ट लक्षात घेऊन वाचावे, ही विनंती.

३१ ऑगस्ट २०२५ पासून गुगल प्लेवर अ‍ॅपची सुधारित आवृत्ती द्यायची असेल, तर तिचे लक्ष्य (ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी अ‍ॅप बनवले ती) एपीआय ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, असावे लागते. त्यासाठी मी अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप बनवण्याच्या साधनाची आर्क्टिक फॉक्स ही जुनी आवृत्ती काढून लेडीबग ही नवी आवृत्ती बसवली. प्रकल्पात बिल्ड करणारे (कोडपासून अ‍ॅप तयार करणारे) साधन ग्रेडल ६.७.१, त्याला अँड्रॉइडशी जोडणारा अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ४.२.२ आणि कोटलिन ही भाषा १.५ आहे. स्क्रीनवरील घटक कोडला कोटलिन सिंथेटिक्स या जुन्या पद्धतीने जोडलेले आहेत आणि लायब्ररी (तयार कोड) जेसेंटर या ऑनलाइन भांडारातून घेतल्या जात होत्या.

नव्या स्टुडिओत प्रकल्प उघडताच जावा २१ आणि ग्रेडल ६.७.१ यांचा मेळ बसत नसल्याचा संदेश येतो. टर्मिनलवरून बिल्ड केल्यास 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५' अशी त्रुटी मिळते. ६५ हा क्रमांक जावा २१ चा आहे आणि लेडीबगसोबत येणारे जेडीके (जावाचा साधनसंच) तेच आहे, इतका उलगडा झाला. ग्रेडल ८.५ पासून पुढेच जावा २१ वर चालते, म्हणून रॅपरच्या (कोणते ग्रेडल वापरायचे ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये थेट ८.७ लिहून पाहिले. तेव्हा जावाची तक्रार गेली, पण जुना प्लगइन नव्या ग्रेडलमध्ये लोडच होईना. प्लगइन ८.६ केला, तर नेमस्पेस (कोडच्या पॅकेजचे नाव) नाही, सिंथेटिक्स सापडत नाहीत, पावती छापण्याची लायब्ररी मिळत नाही, अशा त्रुटी एकदम समोर आल्या आणि त्यांतील कोणती कोणामुळे येते आहे हेच कळेनासे झाले. यात नव्या आवृत्तीचा दोष आहे असे मी म्हणत नाही. इतक्या वर्षांचे अंतर एका उडीत कापता येणार नाही, हे मला दिसते आहे.

माझे विचारणे असे आहे की, जुने जेडीके लावून काम भागवावे, की सर्व बदल टप्प्याटप्प्याने करावेत, आणि तसे असेल तर कोणत्या टप्प्यावर थांबून तपासणी करावी? नवा रिकामा प्रकल्प तयार करून त्यात जुन्या फाइली आणण्याचा सल्लाही मिळाला आहे. पण त्यात एखादी लहानशी जोडणी निसटली, तर ती ऐन आवकेच्या दिवशी लक्षात येईल, म्हणून तो मार्ग मला नको आहे. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन येऊ लागेल, त्याआधी अ‍ॅप केंद्रावरील फोनमध्ये असायला हवे. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनच मिळते, तेव्हा कमी डाउनलोडमध्ये भागत असल्यास तेही सांगावे.

प्रतिसाद (परभणीहून)

दादा, नवा प्रकल्प करू नका, हे तुमचे म्हणणे योग्य आहे. जुने जेडीके हा फक्त पहिला टप्पा आहे. तेवढ्यावर थांबता येणार नाही. एपीआय ३५ साठी प्लगइन किमान ८.६ लागतो, त्या प्लगइनला ग्रेडल ८.७ लागते आणि ८ मालिकेतील प्लगइन जेडीके १७ खाली चालत नाही. तरीही सुरुवात जुन्या आवृत्त्यांपासूनच करावी. सेटिंग्जमध्ये बिल्ड टूल्सखाली ग्रेडल जेडीके बदलण्याची सोय आहे. तिथे जेडीके ११ निवडा आणि बाकी काहीही न बदलता प्रकल्प सिंक करा, म्हणजे स्टुडिओला त्याची बिल्डची मांडणी वाचू द्या. लेडीबग प्लगइन ३.२ पासूनचे प्रकल्प उघडते, त्यामुळे तुमचा ४.२.२ त्यात बसतो. तो जसाच्या तसा बिल्ड झाला की गिटमध्ये कमिट करा (त्या स्थितीची प्रत नोंदवून ठेवा). पुढे काही बिघडले तर परत येण्यासाठी ही जागा हवीच.

माझ्या मते खरे काम मधल्या टप्प्यात आहे. प्लगइन ७.४.२, ग्रेडल ७.५ आणि कोटलिन १.७ या संचावर या. हे सारे जेडीके ११ वर चालते आणि सिंथेटिक्स कोटलिन १.८ मध्ये काढून टाकलेले असल्यामुळे १.७ वर ते अजून शाबूत असतात. म्हणजे व्ह्यू बाइंडिंग (सिंथेटिक्सच्या जागी वापरायची पद्धत) सुरू करून एकेक स्क्रीन बदलता येतो, आणि उरलेले स्क्रीन जुन्या पद्धतीने चालू राहतात. थेट ८.६ वर गेल्यास ही सवलत मिळत नाही; सगळे स्क्रीन एकाच वेळी तुटतात, आणि तुमच्याकडे नेमके तेच झाले आहे. याच टप्प्यावर जेसेंटर काढून मेव्हन सेंट्रल हे दुसरे भांडार लिहा. १५ ऑगस्ट २०२४ पासून जेसेंटरकडे जाणारी मागणी मेव्हन सेंट्रलकडेच वळवली जाते, त्यामुळे तिथे नसलेली लायब्ररी आता मिळत नाही. तुमची पावतीची लायब्ररी अशीच असावी. ज्या संगणकावर प्रकल्प पूर्वी बिल्ड झाला होता, त्याच्या ग्रेडल कॅशमधील (उतरवलेल्या फाइलींच्या साठ्यातील) 'फाइल्स-२.१' या फोल्डरमध्ये तिची एएआर (अँड्रॉइड लायब्ररीची) फाइल बहुधा असेल. ती उचलून प्रकल्पाच्या लिब्स फोल्डरमध्ये ठेवा. मात्र ती ज्या इतर लायब्ररींवर अवलंबून आहे, त्या हाताने लिहाव्या लागतील.

नेमस्पेसबाबत सावध राहा. मॅनिफेस्टमधील (अ‍ॅपची माहिती सांगणाऱ्या फाइलमधील) पॅकेजचे नाव तसेच्या तसे बिल्ड फाइलमध्ये नेमस्पेस म्हणून लिहा आणि अ‍ॅप्लिकेशन आयडीला अजिबात हात लावू नका. तो बदलला तर फोन त्याला वेगळे अ‍ॅप समजेल आणि जुन्या नोंदी नव्या अ‍ॅपला दिसणार नाहीत. साइनिंग की (अ‍ॅपवर सही करणारी किल्ली) तीच हवी. डीबग बिल्ड (चाचणीचे, वेगळ्या कीचे) जुन्या अ‍ॅपवर बसत नाही म्हणून कोणी जुने अ‍ॅप काढून टाकले, तर न पाठवलेल्या नोंदी त्याबरोबर जातील. केंद्रावरील माणसांना हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

यानंतर जेडीके १७, ग्रेडल ८.७, प्लगइन ८.६ आणि कोटलिन १.९ एकत्र करा. बिल्डकॉन्फिग (बिल्डची माहिती असलेला क्लास) आता आपोआप तयार होत नाही, ते बिल्ड फीचर्समध्ये सुरू करावे लागते. जावा आणि कोटलिनचे जेव्हीएम टार्गेट (जावाची कोणती आवृत्ती धरायची तो आकडा) वेगळे असल्याची त्रुटी आली, तर दोन्हीकडे एकच आकडा द्या. लक्ष्य एपीआय सर्वांत शेवटी वाढवा. तेव्हा मॅनिफेस्टमध्ये इंटेंट फिल्टर (बाहेरून कोणत्या विनंतीवर उघडायचे त्याची नोंद) असलेल्या प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीला एक्स्पोर्टेड (ती इतरांना उघडता येते का) लिहावे लागेल, आणि प्रिंटरसाठी ब्लूटूथ कनेक्ट ही परवानगी अ‍ॅप चालू असताना मागावी लागेल. ती विसरली तर बिल्ड निर्विघ्न होईल, पण अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्या फोनवर पावती निघणार नाही.

डाउनलोडचे म्हणाल तर, रॅपरच्या पत्त्यात 'ऑल'ऐवजी 'बिन' लिहा. 'ऑल'मध्ये सोर्स आणि दस्तऐवजही येतात, ते बिल्डला लागत नाहीत. एकदा सर्व उतरले की ग्रेडलचा ऑफलाइन मोड लावून काम करता येते.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, मनापासून आभार. जेडीके ११ वर प्रकल्प जसाच्या तसा बिल्ड झाला, मधल्या टप्प्यावर सर्व स्क्रीन बदलून झाले आणि आता प्लगइन ८.६ वर सिंकही पूर्ण होते. पावतीच्या लायब्ररीची फाइल कार्यालयातील जुन्या संगणकाच्या कॅशमध्ये मिळाली. जादाच्या एका फोनवर जुने अ‍ॅप नोंदींसह ठेवून त्यावर नवी रिलीज आवृत्ती बसवली. नोंदी सर्व दिसतात आणि परवानगी दिल्यावर पावतीही निघते.

एक अडचण उरली आहे. अँड्रॉइड १५ च्या फोनवर 'नोंद जतन करा' हे बटण तळाच्या नेव्हिगेशन पट्टीखाली अर्धे झाकले जाते. हे लक्ष्य ३५ केल्यामुळे आहे का?

प्रतिसाद (परभणीहून)

होय. लक्ष्य ३५ असलेले अ‍ॅप अँड्रॉइड १५ वर पडद्याच्या कडेपर्यंत पसरवले जाते. थीममध्ये ही सक्ती नाकारण्याचा गुणधर्म आहे, तो या हंगामापुरता लावा, कारण आवक तोंडावर असताना सर्व मांडणी बदलणे धोक्याचे आहे. लक्ष्य ३६ झाल्यावर मात्र अँड्रॉइड १६ च्या फोनवर तो गुणधर्म चालत नाही. तेव्हा तुरीची खरेदी आटोपली की प्रत्येक स्क्रीनला विंडो इन्सेट्स (फोनच्या पट्ट्यांइतकी जागा सोडण्याची मापे) लावून घ्या, आणि सुरुवात वजनाच्या स्क्रीनपासून करा.