मदत हवी आहे: मुलगी अबोल आहे, पहिलीला कोणत्या पद्धतीची शाळा बरी? (सांगली-मिरज)

विश्रामबागकर: येत्या जूनला मुलगी पहिलीत जाईल. घरी भरपूर बडबडते, चारचौघांत तोंड उघडत नाही. चित्र काढायला बसली की तासभर उठत नाही, मधेच उठवलं की रडारड. तीन शाळा बघितल्यात. घराजवळची सेमी इंग्रजी, वर्गाचा पट ४५. मिरजेच्या पलीकडची सीबीएसई, बसने जाऊन-येऊन दीड तास. तिसरी कृतीतून शिकवणारी छोटी मराठी शाळा. घरचे म्हणतात, मोठ्या शाळेत घातली की आपोआप बोलकी होईल. होते का तसं?

पाटीपेन्सिल: ताई, आपोआप होत नाही. ४५ जणांत गप्प बसणारं मूल कुणाला त्रास देत नाही, म्हणून ते नजरेतूनच सुटतं. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितलंय, ते उगीच नाही.

पण आधी तिचं ‘अबोल’ कुठलं ते ओळखा. आठ दिवस वहीत टिपून ठेवा: जागा कुठली, माणसं किती, मोकळी व्हायला किती वेळ लागला. आमराई बागेत अनोळखी मुलांत वीस मिनिटांनी खेळायला लागते? मग ती उशिरा रुळणारी आहे. तिला बाई सारख्या बदलल्या की अवघड जातं, तेव्हा वर्गशिक्षिका वर्षभर एकच असतात का ते विचारा. दोघांत खुलते आणि दहांत मिटते? मग गर्दी आणि आवाज हे कारण. अशा मुलीसाठी पट सगळ्यात महत्त्वाचा. आणि ओळखीच्या माणसांसमोरही घराबाहेर महिनोनमहिने एक शब्द निघत नसेल, तर शाळेआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानही तपासून घ्या.

शाळा बघताना इमारत आणि संगणककक्ष दाखवतील, ते राहू द्या. वर्ग चालू असताना अर्धा तास मागे बसायची परवानगी मागा. बाईंनी प्रश्न विचारला की मनात आकडे मोजा. दोनच्या आत ‘बरं, तू सांग’ म्हणून पुढच्याकडे वळल्या, तर तुमच्या मुलीचं उत्तर वर्षभर तिच्या ओठांतच राहील. पाच मोजेपर्यंत थांबणाऱ्या बाई मिळाल्या तर शाळेची पाटी कुठली याने फार फरक पडत नाही. मग एकाच दिवसाच्या चार वह्या मागा. चारही चित्रांत झाड तसंच, सूर्य त्याच कोपऱ्यात असेल तर काय ते समजा.

कृष्णाकाठ: तासभर एकाच कामात रमणं हा गुण आहे, तो मोडू देऊ नका. शाळेत एकच विचारा: ‘घंटा झाली आणि काम अर्धवट राहिलं तर ते कुठे ठेवता?’ मुलांच्या नावाचा कप्पा दाखवला तर उत्तम.

कृतिशील, माँटेसरी अशा नावांवर मात्र जाऊ नका. तिथलं साधन कसं काम करतं ते बघा. उदाहरणार्थ, माँटेसरीचा लाकडी ठोकळा: त्यात वेगवेगळ्या मापाच्या दहा खाचा, दहा दट्टे. एक चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक दट्टा उरतो, तो कुठेच बसत नाही. मूल स्वतःच मागे जाऊन चूक शोधतं, बाईंनी काही बोलायला लागत नाही. गप्प मुलाला हे फार मानवतं. बिघडतं कुठे? साधनं काचेच्या कपाटात कुलूपबंद, किंवा ४० मुलांत एकच ठोकळा, किंवा मूल चुकतंय म्हणताच बाईंचा हात पुढे. महागडी साधनंच हवीत असंही नाही. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच काम उभं केलं. आणि ही पद्धत बालवाडीपुरतीच आहे की चौथीपर्यंत चालते, ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी पहिलीपासून फळा-वही सुरू होते.

मिरजमळा: भाषेचंही बघा. घरी मराठी आणि शाळेत सगळं इंग्रजी असलं की पुष्कळ मुलं सुरुवातीचे काही महिने नुसती ऐकतात. मुळात गप्प असलेल्या मुलीचं हे गप्प बसणं आणखी लांबतं आणि ‘येत नाही’ असा शिक्का बसतो. त्यात बसचा दीड तास. संध्याकाळचा चित्रांचा वेळ त्यातच जाईल.

अजिंक्यतारा: मधेच विचारतो. आमचं उलट आहे, मुलगा पहिलीतला, एका जागी थांबत नाही. साताऱ्याच्या सैनिक स्कूलसाठी आत्तापासून काय करू?

पाटीपेन्सिल: दादा, तिथला प्रवेश सहावीला आणि नववीला, प्रवेशपरीक्षा देऊन. सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ लागतं. आत्ता मोठं मैदान आणि रोज खेळाचा तास असलेली शाळा बघा. चुळबुळ्या मुलाला शिक्षा म्हणून खेळाचा तास बंद करणारी शाळा टाळा. दुपारी तो दुप्पट चुळबुळ करतो.

विश्रामबागकर: सीबीएसईवाले पहिलीसाठी मुलीची मुलाखत घेणार म्हणतात. ती बोललीच नाही तर?

कृष्णाकाठ: पहिलीला मुलाची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखत घेऊन निवड करायला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ नुसार मनाई आहे. शांतपणे, पण लेखी विचारा. आणि जिथे नक्की कराल तिथे मे महिन्यातच तिला दोनदा रिकामा वर्ग दाखवून आणा. बाक कुठला, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे. बाईंना सांगा, पहिले पंधरा दिवस उभं करून नाव विचारू नका, चित्र दाखवायला सांगा.