कामावरची दुखापत आणि न भरलेला क्लेम फॉर्म

प्रेषक: एक सभासद (विनंतीवरून नाव वगळले आहे)
दिनांक: १६ मे

सर्व सभासदांना सविनय नमस्कार.

माझे यजमान कॅलिफोर्नियातील एका गोदामात दीड वर्षापासून नोकरी करतात. ५ मे रोजी वरच्या फळीवरचे जड खोके उतरवताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि तेव्हापासून डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. त्या वेळी त्यांचे मॅनेजर तिथेच उभे होते. त्यांनी सांगितले, की कागदपत्रांच्या फंदात न पडता स्वतःच्या आरोग्य विम्यावर उपचार घ्यावेत, वरचा खर्च ते देतील, आणि डॉक्टरांना मात्र हे घरी सामान हलवताना झाले असे सांगावे. नोकरी जाण्याच्या भीतीने यजमानांनी तसेच सांगितले. आता डॉक्टरांनी एमआरआय करायला आणि निदान चार आठवडे घरी राहायला सांगितले आहे. भरपगारी रजा संपत आली असून मॅनेजर फोन उचलत नाहीत.

अकरा दिवस उलटून गेल्यावर वर्कर्स कॉम्पचा (कामावरच्या दुखापतीसाठी मालकाच्या विम्यातून मिळणाऱ्या भरपाईचा) क्लेम करता येतो का? यजमानांचा कामाचा परवाना माझ्या व्हिसावर अवलंबून आहे. त्याला बाधा येईल का? आणि मनातले सांगायचे तर, ज्यांनी नोकरी दिली त्यांच्यावरच उलटण्यासारखे हे वाटते, म्हणून यजमान अजून तयार होत नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक सभासद

*

प्रेषक: मंडळाचे माजी चिटणीस
दिनांक: १६ मे, रात्री

ताई, सप्रेम नमस्कार.

उशीर झालेला नाही, पण आता आणखी एक दिवसही जाऊ देऊ नका. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे दुखापतीची लेखी सूचना मालकाला ३० दिवसांच्या आत द्यायची असते. मॅनेजरने प्रसंग डोळ्यांनी पाहिला, म्हणजे मालकाला त्याची माहिती होतीच, ही बाब तुमच्या बाजूची आहे. तरीही तोंडी बोलण्यावर विसंबू नका. आज रात्रीच यजमानांच्या नावाने मॅनेजरला आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवा. त्यात तारीख, वेळ, जागा, काय उचलताना झाले, कोण हजर होते आणि शरीराचा कोणकोणता भाग दुखतो, एवढेच लिहा. कमरेबरोबर डावा पायही अवश्य लिहा. सुरुवातीच्या कागदावर जो अवयव येत नाही, त्याचे दुखणे कामामुळेच आहे हे नंतर पटवून देताना फार झगडावे लागते.

त्याच ईमेलमध्ये डीडब्ल्यूसी-१ हा क्लेम फॉर्म मागा. दुखापत कळल्यापासून कामकाजाच्या एका दिवसात तो देणे मालकावर बंधनकारक आहे. दिला नाही, तर राज्याच्या वर्कर्स कॉम्प विभागाच्या संकेतस्थळावर तो मिळतो. त्यातील कामगाराचा भाग भरा, प्रत स्वतःजवळ ठेवा आणि मूळ फॉर्म पोहोच घेऊन द्या किंवा पोचपावतीच्या टपालाने पाठवा. ही तारीख मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण पुढच्या दोन्ही मुदती या फॉर्मपासून मोजल्या जातात, दुखापतीच्या दिवसापासून नव्हे. फॉर्म दिल्यानंतर कामकाजाच्या एका दिवसात, क्लेमचा निर्णय होईपर्यंत, १०,००० डॉलरपर्यंतच्या आवश्यक उपचारांना मंजुरी द्यावी लागते. आणि ९० दिवसांत क्लेम नाकारला नाही, तर दुखापत कामामुळेच झाली असे कायदा गृहीत धरतो. फॉर्मच भरला नसेल, तर यातले काहीच सुरू होत नाही, आणि कागदपत्रांच्या फंदात पडू नका, या मॅनेजरच्या सांगण्याने नेमके तेच साधले आहे.

आता त्या डॉक्टरांकडच्या नोंदीविषयी. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. पुढच्या भेटीत यजमानांनी स्वतः सांगावे, की दुखापत गोदामात झाली, आधी वेगळे सांगितले ते मॅनेजरच्या सांगण्यावरून आणि भीतीपोटी सांगितले, आणि हा खुलासा नोंदीत लिहून घ्यावा. जुनी नोंद काढून टाका, असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. ती तशीच राहील, खुलासा तिच्या पुढे येईल. मालकाची विमा कंपनी पहिल्या दिवसाचे कागद सर्वांत आधी मागवते आणि त्यातील विसंगती शोधते. भरपाईसाठी जाणूनबुजून खोटे सांगणे हा या राज्यात गुन्हा आहे, आणि खोटे सांगून कामगाराला क्लेमपासून परावृत्त करणे हाही गुन्हाच आहे. म्हणून खुलासा करणारे तुम्हीच पहिले असावे. तो ॲडजस्टरने, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या विमा कंपनीच्या माणसाने, कागदांतून शोधून काढलेला नसावा.

पैशांचे गणित असे. डॉक्टरांनी काम बंद ठेवायला सांगितले असेल, तर तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई म्हणून सरासरी साप्ताहिक पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम मिळते. या रकमेला वरची आणि खालची मर्यादा असते. आठवड्याला ९०० डॉलर मिळत असतील, तर ६०० डॉलर. हा हिशेब कर कापण्यापूर्वीच्या पगारावर होतो, नियमित ओव्हरटाइमही त्यात धरला जातो आणि मिळालेल्या भरपाईवर आयकर लागत नाही. पहिल्या तीन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मात्र अपंगत्व १४ दिवसांपेक्षा जास्त टिकले, तर तेही मिळतात. बहुतेक दुखापतींसाठी ही भरपाई पाच वर्षांच्या काळात जास्तीत जास्त १०४ आठवडे मिळते. विमा कंपनीने निर्णय लांबवला, तर तोवर राज्याच्या एसडीआय (अपंगत्व विमा) योजनेत अर्ज करा. तिची वर्गणी यजमानांच्या पगारातून आधीच कापली जाते, पगारपत्रक पाहिल्यास दिसेल. तो अर्ज काम सुटल्यापासून ४९ दिवसांत व्हायला हवा. घरभाडे थकू नये यासाठी माझ्या मते हाच सर्वांत उपयोगी मार्ग आहे आणि आपल्या लोकांना तो सर्वांत कमी माहीत असतो.

व्हिसाची भीती मनातून काढून टाका. या राज्यातील कामगाराचे हे हक्क त्याच्या इमिग्रेशनच्या स्थितीवर अवलंबून नाहीत. ही सरकारी मदतही नव्हे; मालकाने याच कारणासाठी उतरवलेल्या विम्यातून हे पैसे येतात आणि त्याच्या हप्त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापता येत नाही. क्लेम केला म्हणून नोकरीवरून काढणे बेकायदा आहे. तसे झाल्यास नोकरीवर परत घेण्याचा आणि बुडालेला पगार देण्याचा आदेश मिळू शकतो.

राहिला यजमानांच्या संकोचाचा प्रश्न. गिरणगावात वाढलेल्या आमच्या पिढीला ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) दवाखाना माहीत आहे. वडिलांचे बोट यंत्रात सापडले, तेव्हा तिथे जाण्यात कोणाला मालकाशी बेइमानी वाटली नाही. कॅलिफोर्नियात असा पहिला कायदा १९११ मध्ये ऐच्छिक स्वरूपात आला आणि १९१३ च्या कायद्याने तो मालकांवर बंधनकारक झाला. त्यामागे एक सरळ सौदा आहे: चूक कोणाची हे न विचारता उपचार आणि पगाराचा भाग मिळेल, आणि त्याच्या बदल्यात कामगार मालकावर दावा लावण्याचा व वेदनांसाठी वेगळी भरपाई मागण्याचा हक्क सोडेल. यजमानांनी आपल्या बाजूची किंमत नोकरीच्या पहिल्या दिवशीच चुकती केली आहे. आता ते मागत आहेत ते त्या सौद्यातील आपले येणे.

हे मी पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. २००९ मध्ये सतत टंकन करून माझी दोन्ही मनगटे निकामी होत आली होती. वरिष्ठांना वाईट वाटेल म्हणून मी आठ महिने कोणाला काही बोललो नाही आणि डॉक्टरांनाही ‘कारण माहीत नाही’ असे सांगितले. हळूहळू जडलेल्या अशा दुखापतींनाही हा कायदा लागू आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. पुढे क्लेम केला, तो त्याच तीन शब्दांवर बोट ठेवून नाकारण्यात आला, आणि मान्य होईपर्यंत दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत उजव्या हाताची पकड गेली ती परत आली नाही. म्हणून आज रात्री ईमेल पाठवा, असे पुन्हा सांगतो.

आपला,
मंडळाचा माजी चिटणीस

*

प्रेषक: एक सभासद, फिजिओथेरपिस्ट
दिनांक: १७ मे

ताई, नमस्कार.

चिटणीसकाकांच्या पत्राला माझ्या व्यवसायातील दोन गोष्टी जोडते. आपल्याकडची माणसे डॉक्टरांसमोर ‘आता बरे आहे’ असे सौजन्याने म्हणतात आणि कागदावर ‘सुधारणा’ एवढेच उमटते. यजमानांनी नेमके सांगावे: किती मिनिटे बसवते, किती वजन उचलवते, रात्री किती वेळा जाग येते, कळ कुठून निघून कुठपर्यंत जाते. वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये.

दुसरे म्हणजे, प्रत्येक भेटीनंतर कामाच्या स्थितीचा कागद मागून घ्यावा. ‘दहा पौंडांपेक्षा जास्त उचलू नये’ अशी मर्यादा त्यावर असेल आणि मालकाने त्या मर्यादेत बसणारे हलके काम देऊ केले, तर ते नाकारण्यापूर्वी नीट विचार करावा, कारण योग्य काम नाकारल्यास तात्पुरती भरपाई थांबू शकते. मात्र हलके म्हणून दिलेल्या कामात पुन्हा तीच खोकी उचलायला लावली, तर ती उचलू नयेत. तो कागद दाखवावा आणि घडलेला प्रकार त्याच दिवशी डॉक्टरांना व ॲडजस्टरला लेखी कळवावा.

*

प्रेषक: एक सभासद
दिनांक: ९ डिसेंबर

काका आणि ताई, दोघांना मनापासून नमस्कार.

आपण सांगितले त्याच रात्री ईमेल पाठवला आणि तिसऱ्या दिवशी फॉर्म भरून दिला. विमा कंपनीने आधी निर्णय लांबणीवर टाकल्याचे पत्र पाठवले. त्या काळात एसडीआयवर घर चालले. डॉक्टरांच्या नोंदीतील खुलाशाविषयी ॲडजस्टरने बरीच विचारपूस केली, पण ऐंशीव्या दिवशी क्लेम मान्य झाला. आता डॉक्टरांचे म्हणणे आहे, की प्रकृती स्थिरावली असून याहून फारशी सुधारणा होणार नाही. त्यांनी कायमच्या अपंगत्वाचा अहवाल दिला आहे, तो आम्हाला फार कमी वाटतो. तेवढ्यात एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव आला असून त्यासोबत राजीनाम्याचा एक कागदही आहे. सही करावी का?

*

प्रेषक: मंडळाचे माजी चिटणीस
दिनांक: १० डिसेंबर

ताई, क्लेम मान्य झाल्याचे वाचून फार बरे वाटले. सही मात्र अजून करू नका.

तडजोड दोन प्रकारची असते. एका प्रकारात सर्व देणी एका रकमेत मिटतात आणि साधारणपणे पुढच्या उपचारांची जबाबदारीही विमा कंपनीवर राहत नाही. पाच वर्षांनी कमरेची शस्त्रक्रिया लागली, तर तो खर्च तुमचा. दुसऱ्या प्रकारात अपंगत्वाची टक्केवारी दोन्ही बाजू मान्य करतात, पैसे हप्त्याहप्त्याने येतात, पण या दुखापतीवरचे उपचार पुढेही चालू ठेवता येतात. यजमानांचे वय आणि मणक्याचे दुखणे पाहता माझा कल स्पष्टपणे दुसऱ्या प्रकाराकडे आहे. हातात येणारी मोठी रक्कम दोन वर्षांत संपते, मणका मात्र आयुष्यभर सोबत असतो. कोणतीही तडजोड न्यायाधीशांनी मंजूर केल्याखेरीज पक्की होत नाही. राजीनामा हा क्लेमपेक्षा वेगळा विषय आहे, त्यामुळे तो कागद वेगळा समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

डॉक्टरांचा अहवाल मान्य नसेल, तर तसा आक्षेप मुदतीत लेखी नोंदवा आणि राज्याकडून तीन तज्ज्ञ डॉक्टरांची यादी मागवा. तिच्यातून निवडलेले डॉक्टर स्वतंत्र तपासणी करतात. जुन्या झिजेमुळे किती टक्के आणि या दुखापतीमुळे किती, अशी विभागणीही ते करतात, आणि बहुतेक वाद तिथेच असतो. म्हणून त्या दिवसापूर्वी कमरेचा काही त्रास नव्हता, तर तसे ठामपणे सांगा. या टप्प्यावर वकील घ्यावा, असे मला वाटते. त्याचे शुल्क आधी द्यावे लागत नाही. ते बहुधा भरपाईच्या १० ते १५ टक्क्यांच्या घरात, न्यायाधीशांच्या संमतीने ठरते. तोवर वर्कर्स कॉम्प विभागाच्या जिल्हा कार्यालयातील माहिती व साहाय्य अधिकाऱ्यांना प्रस्ताव दाखवा. ते पैसे घेत नाहीत.

कायमचे अंशतः अपंगत्व ठरले आणि मालकाने डॉक्टरांच्या अहवालानंतर ६० दिवसांत यजमानांना झेपेल असे काम देऊ केले नाही, तर नवे कौशल्य शिकण्यासाठी ६,००० डॉलरचे व्हाउचर मिळते, आणि ते मिळाल्यावर राज्याच्या वेगळ्या निधीतून ५,००० डॉलरसाठी अर्ज करता येतो. हा दुसरा अर्ज स्वतःहून करावा लागतो, त्यामुळे तो अनेकांचा राहून जातो.

तज्ज्ञ डॉक्टरांच्या तपासणीच्या दिवशी मी तुमच्यासोबत यायला तयार आहे, परंतु दुभाषी म्हणून नव्हे. यजमानांना आपले दुखणे इंग्रजीत नेमके सांगता येत नसेल, तर पात्र दुभाषी मिळण्याचा त्यांना हक्क आहे आणि त्याचा खर्च विमा कंपनीवर असतो. तपासणीची तारीख मिळताच ॲडजस्टरला लेखी कळवा, की दुभाषी मराठीचा हवा, हिंदीचा चालणार नाही.